खुंटी

नोंदणीच्या टेबलावरच्या बाई हसत हसतच म्हणाल्या, "साहेब, खरी आग असती तर मी आज मेलेच असते की!" आणि आजूबाजूचे चारपाच जण हसले म्हणून मीही हसलो. सकाळी साडेदहाला त्या इमारतीत आगीची रंगीत तालीम होती. भोंगा वाजला, सगळे उठले, आणि चौथ्या मजल्यावरच्या या बाई, गुडघे दुखतात म्हणून घाईगर्दी न करता, लिफ्टशेजारच्या भिंतीवरचा नकाशा शांतपणे वाचून, बाणाप्रमाणे निघाल्या आणि थेट खोक्यांच्या खोलीत पोचल्या. तिथे एक कपाट, दोन मोडक्या खुर्च्या आणि भिंत. जिना बरोब्बर उलट्या बाजूला. तो नकाशा माझा होता. इमारतीतून बाहेर पडायचे नकाशे काढणं हाच माझा धंदा. लिफ्टजवळ, जिन्यापाशी, चौकटीत लावलेले असतात ते, हिरवे बाण, आणि लाल टिंबापुढे लिहिलेलं 'आपण येथे आहात'. बावीस वर्षं मी लोकांना ते कुठे आहेत हे सांगत आलोय. ते नकाशे कुणी वाचत नाही याची मला इतकी खात्री होती, की पहिल्यांदाच एका माणसाने माझं काम मनापासून वाचलं आणि ते चुकीचं निघालं, याचं मला हसू यावं की रडू हेच कळेना. खरं तर नकाशा चुकलेला नव्हता. मी तो लिफ्टच्या समोरच्या भिंतीसाठी काढला होता. त्या भिंतीवर मध्येच सूचनांचा फळा आला, म्हणून रखवालदाराने नकाशा अलीकडे लिफ्टशेजारी ठोकला. वाचणारा उलट तोंड करून उभा राहिला की नकाशातलं डावं हे त्याचं उजवं होतं, एवढीच गोष्ट. ठोकल्यावर एकदा जाऊन बघणं हे माझं काम. मी गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो, तर कंटाळा आला होता. आमच्या ऑफिसच्या मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "होतं रे, बदलून टाक, कुणी मेलं नाही ना?" ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी ऑफिसला परत गेलोच नाही. दुपारचे बारा वाजायचे होते, आणि या वेळेला रस्त्याने घरी जायची मला सवय नसल्यामुळे ओळखीची दुकानंसुद्धा अनोळखी वाटत होती. चालताना माझ्या डोक्यात एकच शब्द येत होता, तोही किती वर्षांनी: गरगरी. आम्ही लहानपणी कॉम्प्युटरवर तळघराचा जो खेळ खेळायचो त्यात अशी एक चौकट असायची. तुम्ही तिच्यावर पाऊल ठेवलं की ती तुम्हाला गुपचूप फिरवायची. आवाज नाही, झटका नाही, समोर पुन्हा तीच भिंत आणि तोच बोळ, कारण त्या तळघरातले सगळे बोळ एकसारखेच काढलेले होते, काळ्या पडद्यावर चार हिरव्या रेघा. तुम्हाला वाटायचं आपण सरळ चाललोय. तुम्ही वहीतल्या नकाशात पुढच्या दहा चौकटी ऐटीत भरायचात, आणि मग कधीतरी दार असायला हवं तिथे दार नसायचं. तोवर कुठून चुकत आलो हे शोधायला कितीही मागे गेलं तरी उपयोग नसायचा, रबराने वही फाटेपर्यंत खोडायचं आणि परत पहिल्यापासून. दादाने त्या चौकटीला गरगरी नाव ठेवलं. आमच्या दोघांपलीकडे हा शब्द जगात कुणालाच माहीत नाही, आणि आम्हीसुद्धा तो सदतीस वर्षांत एकमेकांसमोर उच्चारलेला नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पाच महिन्यांपूर्वी तो एक सुटकेस घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "चार दिवस राहतो रे." वहिनी गेल्या त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. कारखान्याने घरं रिकामी करून घेतली, त्यात त्याचं बत्तीस वर्षांचं घर गेलं. आमच्या मुलीची खोली मोकळी होती, तिथे तो राहिला. मुलगीच मधे सुट्टीला आली होती, काका एकटे बसून असतात म्हणून तिने आपल्या जुन्या लॅपटॉपवर तो खेळ शोधून टाकून दिला. त्या दिवसापासून दादा खोलीबाहेर जेवणापुरता येतो. बायको त्याच्या दाताला सोसेल अशा बेताने भाज्या बारीक चिरते, त्याच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते, त्याला एका शब्दाने बोलत नाही. पण मुलीला आता इथेच नोकरी लागली आहे आणि सोमवारी ती कायमची परत येते. आठवडाभर बायको मला रोज सकाळी एकच सांगते आहे. आजही डबा हातात देताना म्हणाली, "अहो, खोलीचं आज सांगाच. मी सांगितलं तर मी वाईट. तुमचे भाऊ आहेत." आणि मी आठवडाभर दादाच्या दारापर्यंत जाऊन, "चहा घेणार का?" असं विचारून परत येतो. त्याला इतका चहा मी जन्मात विचारला नव्हता.

घरात शिरलो तेव्हा बायको कामावर गेलेली होती. आतून बटणांचा आवाज येत होता, टक, टक, टक, थांबून पुन्हा टक. डोळे मिटून मला तो ओळखता येतो: तीन पावलं पुढे, एकदा वळण. दहा वर्षांचा असताना मी हा आवाज पाठीमागून ऐकायचो. मामा ऑफिसातली यंत्रं दुरुस्त करायचा, त्याने मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आमच्या घरी आणून टाकला होता, त्यात हा एकच खेळ. दादा खुर्चीवर बसायचा, मी जमिनीवर, पडद्याकडे पाठ करून, गणिताची चौकटीची वही मांडीवर घेऊन. दादा सांगायचा, "दोन पुढे. डावीकडे भिंत. उजवीकडे दार," आणि मी ते काढायचो. एक पाऊल म्हणजे एक चौकट. आपण उभे आहोत त्या चौकटीत एक टिंब. म्हणून माझं नाव टिंब्या पडलं. खेळातल्या सहा जणांच्या टोळीतसुद्धा सर्वांत मागे, जखमा बऱ्या करणारा एक मरतुकडा होता, त्याचं नाव दादाने टिंब्या ठेवलं होतं. सर्वांत पुढे तलवारवाला, त्याचं नाव दादा.

आता कुणाला सांगितलं तर पटणार नाही, पण त्या खेळात मजा अशी फारशी नव्हतीच. अर्धा तास चालावं तेव्हा एक कोपरा भरायचा. वार केला, चुकला. पुन्हा केला, चुकला. समोरचा मात्र कधी चुकत नसे. मागचं दार आपोआप बंद व्हायचं. पायाखालची जमीन सरकून आपण खालच्या मजल्यावर पडायचो, तिथला नकाशा नाही, आणि टिंब्याची बरं करायची ताकद संपलेली. परत वर चढायचं, झोपायचं, पुन्हा उतरायचं. नाकी नऊ यायचे. आई म्हणायची, "एवढं काय ठेवलंय त्या अंधारात?" आम्हाला उत्तर देता यायचं नाही. मला आज वाटतं, तिथे कुणी आपल्याला खूश करायला बसलेलं नव्हतं, हेच आवडायचं. शाळेत, घरी, सगळे सारखे काहीतरी समजावून सांगायचे. तिथे कुणी काहीच सांगत नसे. जी चौकट माहीत झाली ती आपल्या पायाने चालून माहीत झालेली असायची, आणि एकदा काढली की ती हलत नसे. दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर बसून मी ती वही नुसती उघडून बघायचो. पाच मजले भरले होते आम्ही, वर्षभरात. त्यानंतर मी हजारभर तरी नकाशे काढले असतील, पगार घेऊन. एकही उघडून पाहावासा वाटला नाही.

मी दारात उभा राहिलो. दादाने मान न वळवता विचारलं, "काय रे, आज लवकर?" मी म्हटलं, "असंच." त्याच्या मांडीशी एक कागद होता, त्यावर त्याने काढलेला नकाशा, रेघा वाकड्या, चौकटी लहानमोठ्या, टूलरूममध्ये केसाएवढी मापं सांभाळण्यात जन्म घालवलेल्या माणसाचं हे चित्र बघून मला धक्का बसला. हात थरथरतात त्याचे, हे मला पाच महिन्यांत दिसलं नव्हतं. मी विचारलं, "कितव्या मजल्यावर आहेस?" तो म्हणाला, "सहाव्या." सहाव्या मजल्यावर काय झालं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दुपारी आमचं भांडण झालं होतं. मी एक दार भलत्याच भिंतीत काढलं म्हणून दादाने मला थोबाडीत मारली होती. मी मुसमुसत पुन्हा वही घेऊन बसलो, आणि तासाभराने एका लढाईत आमचे पाच जण मेले. टिंब्यासकट. उरला एकटा दादा, त्याला विष चढलेलं, पावलागणिक एक जीव कमी होणार, आणि त्याच्याकडे जीव होते दोन. जिना सतरा चौकटी लांब. खुर्चीवरचा दादा उठून पाणी प्यायला गेला. पुढचं त्याला माहीत होतं: कॉम्प्युटर बंद करायचा, परत लावायचा, आणि कालच्या जागेपासून सुरू करायचं. रोज खेळ संपवताना तो काहीतरी बटणं दाबून ती जागा राखून ठेवायचा, त्याला आम्ही खुंटी मारणं म्हणायचो. खुंटी एकच होती. नवी मारली की जुनी गेली. पण मी पडद्याकडे पाठ करून बसणारा, त्या कामाचं इंग्रजी नाव काय ते मला कुठून माहीत असणार? मी पहिल्यांदाच एकटा पडद्यासमोर उभा राहिलो. खाली चार शब्द होते. शाळेत इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. त्यातला एक शब्द मी शब्दकोशात काढून बघितला. सेव्ह. वाचवणे, सुटका करणे, प्राण राखणे. मला अजून तो कागदाचा वास आठवतो. इतका वेळ समोर लिहिलेलं होतं आणि आम्ही मूर्खासारखे मरत होतो! मी तो शब्द दाबला. पडद्याने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. दिवा लुकलुकला. दादा ओठ पुसत आत आला, आणि मी, गाल अजून लाल असलेला, हसून म्हणालो, "दादा, वाचवलं मी तुला!"

त्याने पडदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मार खायची तयारी केली, पण त्याने मारलं नाही. नंतर त्याने खेळ पुन्हा लावला. पाच मेलेले, विष, दोन जीव, सतरा चौकटी. एक पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला मेला. पुन्हा लावला. वर्षभराच्या कष्टांचं आता तेवढंच उरलं होतं, आणि कितीदाही लावलं तरी तेवढंच. त्याने कॉम्प्युटरवर चादर टाकली. दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही, मग शिकायला वसतिगृहात गेला, मग कारखान्यात. भांडण केव्हाच विरलं असेल, पण सवय राहिली. मी बोलावल्यावर तो यायचा, तो बोलवेल तेव्हा मी जायचो, एकमेकांच्या तब्येती विचारायचो. दोन चांगले शेजारी. वहिनींच्या आजारपणात मी दर रविवारी जात होतो, त्यांच्या उशाशी बसत होतो, आणि बाहेर पडताना दादा जिन्यापर्यंत पोचवायला येऊन म्हणायचा, "सावकाश जा."

"दादा," मी म्हणालो. मला खोलीचं बोलायचं होतं, देवाशपथ. पण तोंडातून आलं ते भलतंच. "ते तेव्हा मी मुद्दाम नव्हतं केलं." त्याने विचारलं, "काय?" मी म्हटलं, "खुंटी. मला तो शब्द माहीत नव्हता. शब्दकोशात बघितला मी. त्यात लिहिलं होतं, वाचवणे."

टक टक थांबली. दादा वळला, चष्मा कपाळावर सारला. "म्हणजे तू खरंच..."

"हो."

"अरे, मला वाटलं खिजवतोयस. थोबाडीत मारली म्हणून सूड घेतलास. आणि वर हसून म्हणतोस, वाचवलं मी तुला!"

"दहा वर्षांचा होतो रे मी."

दादा हसायला लागला. पोट धरून, खोकला येईपर्यंत, पाच महिन्यांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "सदतीस वर्षं, टिंब्या! अरे गाढवा, बोलायचं नाही का तेव्हाच?"

"तू कुठे बोलत होतास माझ्याशी?"

"तेही खरंच म्हणा," असं म्हणून त्याने डोळे पुसले आणि त्याच्याजवळचा कागद आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "घे. माझ्या रेघा येत नाहीत आता सरळ."

मी पलंगाच्या कडेला बसलो, पडद्याकडे पाठ करून. कसं बसायचं हे अंगाने आपोआप ठरवलं. दादा सांगत गेला, दोन पुढे, डावीकडे भिंत, आणि मी काढत गेलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाहेर दुपार होती, खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी आवरत होतं. वार केला, चुकला, दादा वाचून दाखवत होता, आणि आम्ही दोघं एकदम "चुकला!" म्हणत होतो. एका ठिकाणी दार सापडेना तेव्हा तो म्हणाला, "गरगरी," आणि मी म्हणालो, "मागची सात खोडतो," आणि सात चौकटी खोडताना मला इतकं बरं वाटत होतं की भीती वाटली. चौथ्या मजल्यावरच्या बाई, मालक, लाल टिंबं, सगळं दूर गेलं होतं. असाच बसून राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मध्येमध्ये घड्याळाकडे माझं लक्ष जात होतं. बायको साडेपाचला येते. आल्याबरोबर ती माझ्या तोंडाकडे बघणार.

साडेचारच्या सुमाराला जिना सापडला. सातव्या मजल्याचा. आम्ही दोघं तिथे कधीच पोचलो नव्हतो. मी वळून पडदा बघितला. हिरव्या रेघांचा तो जिना लहान मुलाने काढल्यासारखा होता. मी म्हटलं, "आधी खुंटी मार."

"नको," दादा म्हणाला.

"अरे, इतकं चालून आलोय!"

"मारली की परत इथे येऊन बसावं लागतं," तो म्हणाला, आणि लॅपटॉप तसाच मिटला. मग त्याने मिटलेल्या झाकणावर हात ठेवला. "पोरगी सोमवारी येते ना?"

मी पेन्सिल कागदावर ठेवली.

"तुझी बायको काही म्हणाली नाही हो. तूच आठवडाभर चहा विचारतोयस." त्याचा आवाज अगदी सरळ होता. "खोली कधीपर्यंत हवी?"

तेव्हा माझ्या तोंडात सगळी वाक्यं होती. बाहेरच्या खोलीत दिवाण आहे. गॅलरी बंद करून घेता येईल. पोरगी समजूतदार आहे, तिला विचारू. कुठे जाऊ नकोस, राहा, कसंही करू आपण. यातलं कुठलंही एक म्हटलं असतं तरी तो राहिला असता, हे मला माहीत होतं, कारण तो हात काढत नव्हता, वाट बघत होता. आणि मला त्याच वेळी दिसत होती रोजची संध्याकाळ, दाराआडची ती टक टक, बायकोचा बंद चेहरा, गोळ्यांची वाटी, वर्षानुवर्षं. आणि मी दमलेलो होतो.

"रविवारी दुपारपर्यंत," मी म्हणालो. "म्हणजे जरा साफसफाई..."

"हो, हो. लागणारच ना वेळ."

मला हलकं वाटलं. नंतर लाज वाटली, पण आधी हलकं वाटलं, आणि हा क्रम मला बदलता येणार नाही. दहा वर्षांचा असताना एक शब्द कळला नव्हता म्हणून मी सदतीस वर्षं झुरलो. आज माझा एकही शब्द चुकला नव्हता. मी विचारलं, "जाशील कुठे?"

"आमच्या खात्यातला फिटर आहे ना, त्याच्या घरी वर एक खोली असते. मागे म्हणत होता, केव्हाही या."

तो फिटर केव्हाच घर विकून मुलाकडे कायमचा गेला होता. गेल्या महिन्यात जेवताना दादानेच मला सांगितलं होतं.

"मग तर चांगलंच झालं," मी म्हणालो, आणि चहा टाकायला उठलो.